बालमार्गदर्शन केंद्र

बालमार्गदर्शन केंद्र म्हणजे मुलांच्या भावनिक, वर्तनविषयक आणि शैक्षणिक अडचणींचे निदान करून मूल व त्याचे कुटुंब या दोहोंना समुपदेशन आणि उपचार पुरविणारी संस्था होय. मुलाची अडचण त्याच्या घरातील, शाळेतील व परिसरातील संबंधांपासून वेगळी काढून समजत नाही, हे या कार्याचे मूळ तत्त्व आहे.

इतिहास

लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मुलांच्या अध्ययनविषयक अडचणींसाठी मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. १९०९ मध्ये विल्यम हीली यांनी शिकागो येथे बालन्यायालयापुढे येणाऱ्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. १९२० च्या दशकात या प्रयत्नांना चळवळीचे रूप आले. १९२७ मध्ये लंडनमध्येही असे केंद्र निघाले.

भारतात या कार्याचा आरंभ मुंबईत झाला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. पुढे मोठ्या शहरांतील रुग्णालयांच्या मनोविकार व बालरोग विभागांतही अशी केंद्रे निघाली.

कार्यपद्धती

पारंपरिक रचनेत मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व मनोविकार समाजकार्यकर्ता असे तिघे एकत्र काम करतात. प्रथम पालकांकडून मुलाचा जन्म, वाढ, शाळा व घरातील घडामोडी यांचा वृत्तेतिहास घेतला जातो. आवश्यकतेनुसार शिक्षकांशी बोलणे होते. बौद्धिक क्षमता पाहण्यासाठी बिने-कामत चाचणीसारख्या चाचण्या वापरतात. व्ही. व्ही. कामत यांनी मूळ बिने चाचणीचे मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी अनुकूलन केले होते.

लहान मुलांना आपली भीती, राग वा दुःख शब्दांत मांडता येतेच असे नाही. म्हणून बाहुल्या, चित्रे, माती, वाळू यांच्या साहाय्याने क्रीडोपचार केला जातो. ॲना फ्रॉइड व मेलनी क्लाइन यांनी मुलांच्या मनोविश्लेषणात खेळाचा उपयोग केला. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी मुलालाच खेळाची दिशा ठरवू देणारी अनिर्देशित पद्धती १९४७ मध्ये पुस्तकरूपाने मांडली.

कुटुंबाचा सहभाग

पोटदुखीची तक्रार, शाळेत जाण्यास नकार, अंथरूण ओले करणे किंवा अचानक आलेला अबोला यांच्यामागे शारीरिक कारण असू शकते. त्यामुळे आधी वैद्यकीय तपासणी केली जाते. काही वेळा मात्र अशा लक्षणांतून घरातील कलह, मृत्यू, व्यसन किंवा स्थलांतर यांचा ताण व्यक्त होतो. अशा वेळी केवळ मुलावर उपचार केल्यास त्यालाच 'दोषी' ठरविल्यासारखे होते. साल्वादोर मिनुचिन यांनी विकसित केलेली संरचनात्मक कुटुंबोपचार पद्धती कुटुंबातील भूमिका, मर्यादा व युती यांत बदल घडविण्यावर भर देते. पालकांना दोष देणे हा तिचा हेतू नसतो.

गोपनीयता आणि कायदा

मुलाने समुपदेशकास सांगितलेल्या गोष्टी गोपनीय राखणे हा विश्वासाचा पाया असला तरी ही गोपनीयता निरपवाद नाही. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये १८ वर्षांखालील बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. मुलाच्या जिवास धोका असल्यासही संबंधितांना सांगावे लागते. त्यामुळे कोणती गोष्ट गुप्त राहील व कोणती राहणार नाही, हे मुलाला त्याच्या वयास समजेल अशा भाषेत आरंभीच सांगणे आवश्यक मानले जाते. अन्यथा मदतीसाठी बोललेल्या मुलास आपला विश्वासघात झाला असे वाटू शकते.

अन्य सेवा

संकटग्रस्त बालकांसाठी १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली व नंतर देशभर विस्तारली. केंद्र शासनाची 'टेलिमानस' (१४४१६) ही मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून कार्यरत आहे. कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ मध्ये न्यायालयाशी संलग्न समुपदेशकांची तरतूद असून, घटस्फोट व मुलांच्या ताब्याच्या दाव्यांत त्यांचे साहाय्य घेतले जाते.

मर्यादा

प्रशिक्षित व्यक्तींची कमतरता, सेवांचे शहरांतील केंद्रीकरण आणि मनोविकारांविषयीचा सामाजिक कलंक हे या कार्यातील प्रमुख अडथळे आहेत. समुपदेशनासाठी बहुधा आईच मुलासोबत येते. वडिलांचा सहभाग नसल्यास घरातील बदल टिकविण्याचा भार तिच्या एकटीवर पडतो. दारिद्र्य किंवा हिंसा हे त्रासाचे कारण असल्यास समुपदेशन पुरेसे ठरत नाही; त्यास आर्थिक, कायदेशीर व सामाजिक साहाय्याची जोड द्यावी लागते.