पेटीचा गंधार आणि गळ्याचा गंधार

संध्याकाळची वेळ. खोलीच्या कोपऱ्यात टेबलावर संगणक, शेजारी छोटासा कीबोर्ड, आणि कानाला हेडफोन लावून बसलेला घरातला एखादा मुलगा. सांगलीत म्हणा, साताऱ्यात म्हणा, घरच्या घरी हौसेने इलेक्ट्रॉनिक संगीत जुळवणारी अशी मंडळी आता नवलाईची राहिलेली नाहीत. बाहेर ऐकू येते ती नुसती पट्ट्यांची टकटक. आजी विचारते, “अरे, हे गाणं आहे की टंकलेखन?”

आजीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. या हौशी मुलाला आज ना उद्या एक अडचण येणार आहे. आणि गंमत पाहा, तीच अडचण याच दोन गावांत शंभरावर वर्षांपूर्वी एका हौशी माणसाला आली होती.

त्यांचे नाव कृष्णाजी बल्लाळ देवल. राहणारे सांगलीचे, नोकरी डेप्युटी कलेक्टरची; पण मनात घोळत असे ते श्रुतींचे गणित. त्या काळी विलायती पेटी घरोघर शिरत होती. तिच्यात सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. आपला षड्ज सेकंदाला 240 आंदोलनांचा धरला, तर शुद्ध गंधार येतो 300 वर. पेटीचा गंधार मात्र 302 च्याही थोडा वर जातो. “एवढ्यानं काय बिघडतं?” असे कुणी म्हणेल. दोन्ही गंधार एकदम वाजवून पाहा. सेकंदाला दोन-अडीच वेळा स्वर डोलतो, आणि तंबोऱ्याशी काही केल्या मिळत नाही.

मग खरे स्वर शोधायचे कसे? साधन अगदी साधे होते, ताणलेली तार. तार जितकी आखूड, तितका स्वर चढा. 36 इंच तारेवर षड्ज लावला, तर 24 इंचांवर पंचम आणि 28.8 इंचांवर शुद्ध गंधार मिळतो. देवलांना साथ मिळाली ती पुढे मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची. या खटाटोपातून 1910 साली बावीस श्रुतींवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश क्लेमंट्स यांनाही हाच नाद होता. दोघांच्या प्रयत्नातून लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून खास श्रुतींची पेटी तयार झाली.

1916 साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती पेटी जाणकारांपुढे आली, पण त्यांना काही ती पटली नाही. असे का व्हावे? माप अचूक असले तरी गळ्यातला स्वर एका जागी खिळलेला नसतो. दरबारीचा कोमल गंधार हलत राहतो, आणि मींड तर दोन स्वरांच्या मधूनच जाते. पेटीवरचा राग इतका वाढला, की 1940 पासून आकाशवाणीवर तिला बंदी होती. ती 1971 साली सैल झाली.

आता पुन्हा आपल्या मुलाकडे येऊ. त्याच्या कीबोर्डावर तेच बारा सारखे भाग आहेत. फरक एवढाच, की देवलांना तार इंचाइंचाने मोजावी लागली आणि याला नुसता आकडा बदलायचा आहे. सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग धरतात. त्यांना सेंट म्हणतात. गंधार 14 सेंटांनी उतरवला, की तो 300 वर येतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचीही सोय यंत्रांत असते. मुंबईच्या चरणजीत सिंगांनी 1982 साली अशा यंत्रांवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली, तिच्यात ही घसरण ऐकायला मिळते.

म्हणजे बडोद्यात पेटीला जे साधले नाही, त्याच्या बरेच जवळ आज घरबसल्या जाता येते. पण यंत्र आपण होऊन तसे करणार नाही, बरं का! ते बारा सारखे भागच पुढे करील. ते मुकाट्याने घेतले, तर भूप वाजेल खरा, पण त्याचा गंधार परका राहील.

तेव्हा एवढे करून पाहा. तंबोरा लावा, हेडफोन काढा, आणि दोन्ही गंधार आजीला एकामागून एक ऐकवा. कोणता बरा वाटला ते तिलाच विचारा. देवलांनीही खाँसाहेबांचा गळा ऐकूनच मग तार मोजली होती.