गिरमिट, करार आणि कर : परदेशी निघालेल्या आपल्या तरुणांसाठी १९१३ सालाचा धडा

साकोली तालुक्यातल्या सानगडीसारख्या गावातून आपला एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशी नोकरीला निघाली की दोन तऱ्हेचे बोलणे कानावर येते. एक म्हणते, "बाबासाहेब परदेशी गेले होते, आता आमचे पोरही चालले." चौकात बॅनर लागतो, सत्कार होतो. दुसरे म्हणते, "शिकले आणि पळाले, समाजाला विसरले." आमचे म्हणणे असे आहे की या दोन्ही बोलण्यांत मुख्य प्रश्न हरवतो. तो प्रश्न म्हणजे, जाणारा माणूस कोणत्या कागदावर सही करून जातो आणि तो कागद त्याने वाचला आहे काय?

हा प्रश्न आजचा नाही. शंभराहून अधिक वर्षांचा त्याचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात १९१३ हे साल फार महत्त्वाचे आहे.

एकच साल, तीन घटना

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींचे निधन झाले. त्यानंतर चार महिन्यांनी, ४ जून १९१३ रोजी, बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

त्याच १९१३ मध्ये अमेरिकेत आयकराचा नवा कायदा झाला. फेब्रुवारीत राज्यघटनेची सोळावी दुरुस्ती मंजूर झाली आणि ऑक्टोबरमध्ये कर लागू करणारा कायदा आला. या कराच्या बाजूने वर्षानुवर्षे लिहिणारे प्राध्यापक एडविन सेलिगमन कोलंबियातच शिकवत होते, आणि तेच बाबासाहेबांचे गुरू झाले. म्हणजे आपला माणूस अमेरिकेत उतरला तो नेमका कराचा नवा विचार प्रत्यक्षात येत असताना, आणि शिकला तो त्या विषयातल्या जाणकाराच्या हाताखाली.

तिसरी घटना दक्षिण आफ्रिकेतली. १९१३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नाताळमधल्या कोळसा खाणींतल्या आणि उसाच्या मळ्यांतल्या हजारो भारतीय मजुरांनी संप केला. कशासाठी? तीन पौंडांच्या करासाठी. करार संपल्यावर जो मजूर पुन्हा करारात अडकायला तयार नव्हता आणि भारतात परतायलाही तयार नव्हता, त्याच्यावर १८९५ च्या कायद्याने वर्षाला तीन पौंड कर बसवला होता. करारातला मजूर सुरुवातीला महिन्याला दहा शिलिंग मिळवत असे. म्हणजे तीन पौंड ही त्याची सहा महिन्यांची मजुरी! हा कर महसुलासाठी नव्हता. माणसाला पुन्हा मालकाच्या दावणीला बांधण्यासाठी होता. शाळेच्या पुस्तकात हा लढा एका नेत्याच्या नावावर जमा आहे. पण संप केला, गोळ्या झेलल्या, तुरुंग भोगला तो खाणीतल्या आणि मळ्यातल्या नाव नसलेल्या मजुरांनी. १९१४ मध्ये तो कर रद्द झाला.

एकाच वर्षी परदेशी गेलेल्या माणसाच्या आयुष्यात करार आणि कर या दोन गोष्टी दोन टोकांच्या रूपांत दिसतात. न्यूयॉर्कला आपला विद्यार्थी कर म्हणजे काय हे शिकत होता, आणि नाताळमध्ये आपल्यासारखाच गरीब माणूस कराखाली चिरडला जात होता. दोघांनीही करार केला होता. मग फरक कुठे होता?

अंगठा आणि सही

गुलामगिरी रद्द झाल्यावर ब्रिटिश वसाहतींतल्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. १८३४ पासून मॉरिशसला भारतीय मजूर नेण्यास सुरुवात झाली. पुढे एकट्या मॉरिशसला सुमारे साडेचार लाख लोक नेले गेले. त्यांत मराठी मुलखातलेही होते आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवून घेतात. जातीच्या उतरंडीत खाली ढकललेली, दुष्काळाने आणि कर्जाने गांजलेली माणसे या जहाजांवर मोठ्या संख्येने होती. 'ॲग्रीमेंट'चा उच्चार त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाला. गिरमिट वाचता येत नव्हते, म्हणून अंगठा उठत होता. मजुरी किती, कापणार किती, आजारी पडल्यास काय, परत कोण आणणार, हे दलाल सांगेल तेच खरे. ही पद्धत १९१७ मध्ये थांबवण्यात आली आणि १९२० पर्यंत पूर्ण संपली.

बाबासाहेबांनी सही केलेला करारही बांधून घेणाराच होता. पण तो त्यांनी वाचला होता, समजून घेतला होता. असे असूनही पुढे काय झाले? गिरमिट थांबले त्याच १९१७ साली ते लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोणी खोली देईना, म्हणून पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशी पदव्या घेतलेला हा अधिकारी कामाठी बागेत बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहत होता.

कराराची आपली बाजू ते पाळायला गेले होते. पण अस्पृश्य अधिकाऱ्याला डोक्यावर छप्पर देण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. हा प्रसंग त्यांनी ज्या आत्मकथनात लिहिला त्याचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. स्वतःच्याच देशात व्हिसाची वाट पाहणारा माणूस! हे नाव आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावे.

म्हणून आजचा धडा असा : पगार किती हे विचारणे पुरेसे नाही. राहणे, जेवण, कामाचे तास, परतीचे तिकीट, नोकरी गेली तर काय, हे सारे लिहून घ्या. पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नाही, हे पक्के लक्षात ठेवा.

दलाल बदलला, धंदा तोच

१९२२ साली ब्रिटिश सरकारने स्थलांतराचा कायदा केला. त्याची जागा १९८३ च्या कायद्याने घेतली. हा कायदा आपल्या दहावी न झालेल्या भावांसाठी फार महत्त्वाचा आहे. ज्यांचे शिक्षण दहावीपेक्षा कमी, त्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' हा दर्जा येतो आणि सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारची परवानगी लागते. ही कटकट वाटते. पण याच परवानगीमुळे करार सरकारी 'ई-मायग्रेट' नोंदीत येतो आणि दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा मिळतो.

नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. कोणी लाख-दोन लाख मागतो, टुरिस्ट व्हिसावर चला म्हणतो, तो गिरमिटवाल्या दलालाचाच वारस आहे. धानाची बांधी विकून त्याचे घर भरू नका.

कर : भीक नाही, दंडही नाही

आता कराकडे येऊ. आपल्या समाजात या विषयावर बोलणे होत नाही. ते काम सीएचे आणि श्रीमंतांचे, असा समज आहे. पण बाबासाहेबांचे अर्थशास्त्रातले मोठे काम कशावर आहे? 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती' हा त्यांचा ग्रंथ १९२५ साली निघाला, त्याला सेलिगमन यांची प्रस्तावना आहे. सरकार पैसा कुणाकडून घेते आणि कुणावर खर्च करते, हा त्यांचा सवाल होता.

फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी हाच सवाल उभा केला. शेतकऱ्याला वर्षभरात काही मिळो वा न मिळो, शेतसारा भरावाच लागतो, आणि आयकर मात्र उत्पन्न असेल त्यालाच लागतो, हा कुठला न्याय? भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, मालगुजारीखाली. पीक बुडाले तरी कुळाला मालगुजाराचे देणे चुकत नव्हते. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो जाच सोसला आहे.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. ऐपतीप्रमाणे कर हे तत्त्व आपले आहे. शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या करातूनच चालतात. कर बुडवणे हा आपला मार्ग नाही. पण कायद्याने जो लागत नाही तो अज्ञानापोटी भरणे, किंवा माहिती लपवून नोटीस ओढवून घेणे, हाही शहाणपणा नाही.

आपल्या देशाचा आयकर कायदाही १९२२ चाच. त्याच्या जागी १९६१ चा आला, आणि २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होण्याची तरतूद आहे. परदेशी जाणाऱ्यासाठी त्यातला मूळ मुद्दा एकच : तुम्ही त्या आर्थिक वर्षात 'रहिवासी' की 'अनिवासी'?

नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक एका आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात असेल, तर तो त्या वर्षी अनिवासी ठरतो. वर्ष १ एप्रिलला सुरू होते. २० सप्टेंबरला विमानात बसलात आणि मार्चअखेरपर्यंत परत आला नाहीत, तर भारतातले दिवस भरतात १७३. तिकडच्या पगारावर इथे कर नाही. तेच २० डिसेंबरला निघालात तर दिवस भरतात २६४. तुम्ही रहिवासी, आणि मार्चपर्यंतचा तिकडचा पगारही इथल्या हिशेबात येतो. उत्पन्न मर्यादेत असेल तर कर कदाचित शून्य येईल, पण विवरणपत्रात तो पगार आणि तिकडचे बँक खाते दाखवावेच लागते. तिकडे कर कापला गेला असेल तर दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार त्याची वजावट मागता येते. त्यासाठी तिकडच्या कराची कागदपत्रे जपून ठेवा. एजंट निघण्याची तारीख सांगतो तेव्हा ही मोजणी करून पाहा.

अनिवासी झाल्यावरही भारतातले उत्पन्न, म्हणजे घरभाडे, ठेवीवरचे व्याज, भारतातच करपात्र राहते. शेतीचे उत्पन्न करमुक्तच. गावच्या बँकेतले साधे बचत खाते 'एनआरओ' करून घ्यावे लागते. परदेशातली कमाई पाठवायला 'एनआरई' खाते काढावे, त्यावरच्या व्याजाला इथे कर नाही.

आखातात पगारावर कर नाही, हे आजवर खरे होते. पण ओमानने २०२८ पासून मोठ्या उत्पन्नावर आयकर लावण्याचा कायदा केला आहे. इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेत तर कर पगारातूनच कापला जातो. म्हणून हातात किती पडणार, हा प्रश्न करार हाती येण्याआधी विचारा.

मागे राहणारी रमाई

१९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. यावेळी कुठल्या संस्थानाची शिष्यवृत्ती नव्हती. सिडनहॅम कॉलेजच्या प्राध्यापकीतून काटकसरीने वाचवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्यावर त्यांनी एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी पुरी केली. ही तयारी आम्ही अभिमानाने सांगतो. पण त्या तयारीचे निम्मे ओझे परळच्या चाळीत रमाईंनी वाहिले, हे सांगताना आवाज खाली येतो.

आज निघणाऱ्याने निदान एवढे करावे. घरच्या खात्यावर वारस नोंदवावा, विश्वासातल्या माणसाला मुखत्यारपत्र द्यावे, जमिनीचे आणि जातवैधतेचे कागद कुठे आहेत ते आई-बायकोला दाखवावे, सगळ्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. घरच्यांच्या हाती कागदही नसतील, तर आपण त्यांना वाऱ्यावर सोडून निघालो असेच म्हणावे लागेल.

मत मात्र नेऊ नका

शेवटचा मुद्दा भंडाऱ्याचाच. १९५४ साली बाबासाहेब भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढले आणि हरले. ज्याने प्रत्येकाला एक मत दिले, त्याला या जिल्ह्यात मते कमी पडली. ही बोच इथल्या प्रत्येक आंबेडकरी घरात असायला हवी.

परदेशी गेल्यावर मत गेले, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नाही, त्याला फॉर्म ६अ भरून आपल्या गावच्या यादीत प्रवासी मतदार म्हणून नाव ठेवता येते. मतदानाला मात्र पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष केंद्रावर यावे लागते. रजेची तारीख निवडणुकीशी जुळवा.

"शिकले आणि पळाले" म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर एवढेच. जाणे म्हणजे पळणे नव्हे. बाबासाहेब दोनदा शिकायला गेले आणि दोन्ही वेळा परतले, ते समाजासाठी ज्ञानाचे हत्यार घेऊन. तुम्ही परत याल किंवा तिकडेच स्थिरावाल, तो तुमचा निर्णय. पण जाण्यापूर्वी जे शिकलात ते गावात ठेवून जा. सानगडीच्या विहारात एक रविवार बसा, आपला करार, आपल्या दिवसांची मोजणी, एजंटला दिलेल्या पैशांची पावती पुढच्या पोराला दाखवा. त्याने अंगठा न उठवता वाचून सही केली, तर गिरमिटाचा हिशेब तेवढा तरी चुकता होईल.

जयभीम!