परक्यांनी ठेवलेली नावे

'वेल्श' हे नाव वेल्श लोकांनी स्वतःला दिलेले नाही, ते इंग्रजांनी दिले. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ शब्द म्हणजे परका. बाहेरून आलेल्यांनी मूळच्या लोकांनाच परके ठरवले! ते स्वतःला 'कम्री' म्हणवतात, म्हणजे एका मुलखातले सोबती. अक्रोडाला इंग्रजीत 'वॉलनट' म्हणतात त्यातही हाच परका दडलेला आहे.

असला शब्द मला बिदरला, मैलूर भागात ऐकायला मिळाला. कानडी माणसे मराठ्यांना आणि त्यांच्या बोलीला 'आरे' म्हणतात. १९५६ साली जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, बिदर म्हैसूरकडे. तिथला मराठी माणूस जागचा हलला नाही, तरी 'आरे'च राहिला. आपणही काही कमी नाही म्हणा. जुन्या मराठीत 'कानडा' म्हणजे न कळणारा, अगम्य असाही अर्थ आहेच.

पण मंडळी, खरी गंमत आपल्याच घरात आहे. फादर स्टीफन्सचे कोकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापले गेले. त्याच्या नावात आपली भाषा आहे 'कानारीं'! पोर्तुगीजांनी शेजारच्या कानडी मुलखाचे नाव गोंयकारांना चिकटवले, आणि पुढे तीच शिवी झाली. कोकणी की मराठी यावर आपण इतकी वर्षे भांडलो, पण या तिसऱ्या नावाची आठवण कुणी काढत नाही.

माझ्या टेबलावर रोज अर्ज येतात. मातृभाषेच्या रकान्यापाशी पुष्कळांचे पेन क्षणभर थांबते. 'कानारी' लिहिलेला अर्ज मात्र अजून आलेला नाही.