कार्यशाळा-ट्रेलर, युद्धकालीन : जीर्णोद्धार

कार्यशाळा-ट्रेलर : दुसऱ्या महायुद्धात (1939–45) सैन्याच्या जीप किंवा ट्रकमागे जोडून नेली जाणारी बिनइंजिनाची गाडी. तीत मालाऐवजी दुरुस्तीची यंत्रे आणि हत्यारे बसवलेली असत. जनित्र, वेल्डिंगचा संच, बॅटरी चार्ज करायचा फलक, हवेचा काँप्रेसर, छोटा लेथ, ग्राइंडर, व्हाइस, ऐरण आणि खणाखणांच्या पेट्या, यांतले काही ना काही तळाला बोल्टने जखडलेले असे. मालवाहू ट्रेलर युद्धानंतरही भरपूर उरले, कारण ते कोणाच्याही कामाचे होते. कार्यशाळा-ट्रेलर मात्र अखंड सापडणे विरळाच. त्यातले प्रत्येक यंत्र सुटे विकले तर जास्त पैसे येत, आणि यंत्रे काढून घेतली की उरतो तो साधा गाडा.

पायदळाच्या मागे मोटारी आल्या आणि मोटारींच्या मागे मेकॅनिक आले. ब्रिटिश पद्धतीत दुरुस्तीच्या फळ्या ठरलेल्या होत्या : पलटणीजवळची छोटी मदत-तुकडी, तिच्या मागे ब्रिगेडची फिरती कार्यशाळा, आणि सर्वांत मागे खडकीसारख्या ठिकाणची मोठी तळ-कार्यशाळा. भारतीय सैन्यात हे काम आधी ऑर्डनन्स कोअरकडे होते. 1943 साली त्यासाठी इंडियन इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स हे स्वतंत्र दल उभे राहिले. दिमापूर–इंफाळच्या घाटरस्त्यावर आणि पुढे ब्रह्मदेशात ब्रिटिश चौदाव्या सेनेच्या गाड्या जिथे मोडत, तिथपर्यंत लेथ आणि वेल्डिंग नेल्याशिवाय गत्यंतर नव्हते. यंत्रे ट्रकवर बसवली तर ट्रक अडकून पडतो. ट्रेलर मात्र सोडून ठेवता येतो आणि ट्रक दुसऱ्या कामाला लागतो, एवढे साधे गणित त्यामागे होते.

जीपमागचा पाव टनी ट्रेलर सर्वांत ओळखीचा. तो मुख्यतः अमेरिकन बँटम आणि विलिस या कंपन्यांनी बनवला. सुट्या भागांच्या अमेरिकी लष्करी यादीत त्याचा क्रमांक जी-529. बँटमची कथा चटका लावणारी आहे. जीपचा पहिला नमुना 1940च्या सप्टेंबरात याच कंपनीने सैन्याला दिला, पण मोठी कंत्राटे विलिस आणि फोर्डकडे गेली आणि बँटमच्या वाट्याला जीपमागचा गाडा आला. गाडा मात्र अव्वल होता : पत्र्याची टाकीसारखी जलरोधक पेटी, पाण्यावर तरंगणारी, तळाला पाणी सोडायची बुचे, चाके जीपचीच. त्याच्याहून मोठा एक टनी ट्रेलर (जी-518) अनेक कारखान्यांत बनला, तरी मिलवॉकीच्या कारखान्यावरून ‘बेन हर’ याच नावाने तो ओळखला जातो. जड जनित्रे आणि वेल्डिंगचे संच वाहायला हा आकार सोयीचा. त्यांवरची यंत्रे लिंकन, होबार्ट, ओनान अशा अमेरिकी कंपन्यांची, तर ब्रिटिश ट्रेलरांवर डर्स्लीच्या लिस्टरची इंजिने दिसतात.

युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याचा भारतातला शिल्लक माल 1946च्या करारानुसार भारत सरकारकडे आला आणि लिलावांतून बाजारात उतरला. मराठीत या मालाला ‘डिस्पोजल’ हाच शब्द रुळला. डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचा तंबू, डिस्पोजलची ताडपत्री. महिंद्र कंपनीने 1947पासून जीपची जुळणी सुरू केल्यावर या घराण्याचे सुटे भाग देशात मिळू लागले आणि डिस्पोजलच्या जीपांना दुसरे आयुष्य लाभले. कोल्हापूर–निपाणी–बेळगाव भागात पुढे वडाप म्हणून, म्हणजे भाड्याने माणसे भरून, धावलेल्या जीपांमुळे गावोगाव या गाडीची अंगरचना मुखोद्गत असलेले मेकॅनिक तयार झाले. पाव टनी ट्रेलरचा हब, बेअरिंग आणि रिम जीपच्याच जातीचे असल्याने ही विद्या जीर्णोद्धाराला थेट उपयोगी पडते.

या पट्ट्यातल्या बेळगावचा सैन्याशी संबंध जुना. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र 1922पासून इथे आहे, आणि सांबऱ्याची धावपट्टी 1942 साली रॉयल एअर फोर्सने बांधली. पण या नोंदीच्या दृष्टीने छावणीपेक्षा महत्त्वाचे आहे ते इथले कारखानदारीचे अंग. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवले. 1910 साली जागा सोडावी लागल्यावर ते औंध संस्थानातल्या कुंडलला गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना गेला, पण हात मागे उरले असे म्हणावे इतके फाउंड्री आणि मशीनिंगचे काम आज उद्यमबाग, मच्छे भागात चालते. निपाणीहून उत्तरेला कागल, गोकुळ शिरगाव आणि कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर ही दुसरी फळी. संकेश्वर, निपाणीच्या साखर कारखान्यांमुळे उसाच्या ट्रॉल्या बनवणारे आणि दुरुस्त करणारे फॅब्रिकेटरही या पट्ट्यात पुष्कळ. म्हणजे आस, पाटे, कडी, ड्रम, काहीही इथे नवे करून मिळते.

आणि नेमकी हीच इथली अडचण आहे. जिथे सुटा भाग मिळत नाही तिथला माणूस जुना भाग जिवापाड जपतो. जिथे दोन दिवसांत नवा ओतून मिळतो तिथे जुना भंगारात जातो. जीर्णोद्धार म्हणजे गाडा नवा करणे नव्हे. शिल्लक आहे ते राखणे आणि नाही तेवढेच भरणे, हा क्रम उलटला की हाती येते ती चांगली ट्रॉली, ऐतिहासिक वस्तू नव्हे.

ओळख पटवणे हे पहिले काम, आणि ते सँड ब्लास्टिंगने रंग काढण्याच्या आधीचे आहे. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाचे चिन्ह ठोकलेले असते. कॅनडाच्या मालावर तो बाण इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या पोटात असतो. ही चिन्हे व्हाइसच्या जबड्याखाली, पान्याच्या दांड्यावर, ऐरणीच्या बाजूला सापडतात आणि बहुधा सालही शेजारी असते. ब्रिटिश वाहनांच्या लष्करी क्रमांकाआधी प्रकार सांगणारे अक्षर असे. ट्रेलरसाठी ते इंग्रजी ‘एक्स’. रंगाच्या पाच थरांखाली हा ‘एक्स’ अजून असू शकतो. म्हणून पत्र्यावर रुपयाएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने पाण्याखाली हळूहळू घासत न्यावी. वरचा निळा किंवा लाल रंग, त्याखाली तांबडा रेडऑक्साइड, मग सैन्याचा ऑलिव्ह हिरवा किंवा पूर्वेकडच्या गाड्यांचा गडद जंगली हिरवा, अशी वर्तुळे झाडाच्या खोडातल्यासारखी उमटतात. त्यांचा फोटो काढावा आणि मगच पुढे जावे. सँड ब्लास्टिंगवाल्याकडे पेटी सरळ पाठवली तर हा सगळा पुरावा जातो, शिवाय पातळ पत्रा वाकतो तो वेगळाच.

पेटी रिकामी मिळाली तरी आतली मांडणी वाचता येते. तळाच्या भोकांची जागा आणि अंतर मोजले की लेथ कुठे होता, जनित्र कुठे होते ते कळते. यंत्राच्या पायाखाली मूळ रंग जसाच्या तसा राहिलेला असतो. पत्र्यावर तेल मुरलेला पट्टा दिसला तर इंजिन त्या बाजूला. एका बाजूच्या पाट्यांची कमान जास्त बसली असेल तर वजन तिकडे होते. या भोकांत वेल्डिंग भरून तळ गुळगुळीत करणे हा या कामातला सर्वांत मोठा गुन्हा, आणि पत्रेवाल्याला आधी बजावले नाही तर तो मोठ्या प्रेमाने तेच करतो.

आट्यांचा गोंधळ स्वतंत्र परिच्छेदाच्या लायकीचा आहे. अमेरिकी बोल्टच्या आट्याचा कोन 60 अंश, ब्रिटिश व्हिटवर्थचा 55. पाव इंचापासून एक इंचापर्यंतच्या भरड आट्यांत दोघांची इंचातली संख्या जवळपास सगळीकडे एकच आहे, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर चढतो आणि फसवतो. अपवाद अर्ध्या इंचाचा, कारखान्यातल्या बोलीत चार सुती बोल्टचा : व्हिटवर्थला इंचात 12 आटे, अमेरिकेला 13. म्हणून कोणत्याही गाड्यावर पहिला चार सुती बोल्ट सोडवून त्यावर आट्यांचा गेज लावावा. गाडा कोणत्या देशाचा आणि मध्ये कोणी कुठला बोल्ट कोंबला, ते तिथे कळते. आजच्या हार्डवेअरच्या दुकानात मिलिमीटरचे बोल्ट मिळतात; इंची बोल्ट न मिळाले तर टर्नरकडून पाडून घ्यावे लागतात, आणि या पट्ट्यात तशा टर्नरांना तोटा नाही. जखडलेला नट तोडण्याआधी डिझेल सोडून दोन दिवस थांबणे आणि मग नटालाच गरम करणे हा जुना उपाय अजून सर्वांत बरा. चाकाचे नट सोडवताना आणखी एक भान लागते. युद्धकाळातल्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते न कळल्यामुळे तुटलेले स्टड जुन्या हबांवर नेहमी दिसतात. त्या काळच्या दोन भागांच्या रिमची गोष्ट तर जिवावरची : हवा पूर्ण काढल्याशिवाय रिमचे दोन भाग जोडणाऱ्या बोल्टांना पाना लावू नये.

ओतीव भाग नवा करायचा झाल्यास लाकडी पॅटर्न करावा. जुना भागच साच्याला वापरण्याचा मोह होतो, पण बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणजे नवा भाग तेवढा लहान येतो आणि बेअरिंगच्या जागी बोंब होते. कडी, शॅकल, ब्रॅकेट असे ताण सोसणारे भाग साध्या करड्या बिडात ओतू नयेत; ते झटक्याने तुटतात. बेळगावात एस. जी. आयर्न (गोलाकार ग्रॅफाइटचे चिवट बीड) सहज ओतून मिळते आणि सुरक्षिततेसाठी तेच घ्यावे. मात्र हा धातू 1948च्या सुमारास उद्योगात आला, तेव्हा तो महायुद्धातल्या गाड्यावर मूळचा असूच शकत नाही. अशा भागाच्या आतल्या अंगाला अक्षरपंचाने चालू साल ठोकावे. पुढच्या जीर्णोद्धाराला बसणाऱ्याची तेवढी सोय आपण केली पाहिजे.

यंत्रांमध्ये लेथला सर्वाधिक वेळ लागतो. छोट्या लेथचा बेड चकजवळ झिजलेला असतो, कारण सगळे काम तिथेच होते. टेलस्टॉककडचा भाग जवळपास कोरा राहतो. बेड सरफेस ग्राइंडरवर घासून सपाट करणे स्वस्त आणि जलद आहे, पण त्याने हेडस्टॉक, कॅरेज आणि लीडस्क्रू यांची पातळी बिघडते. हाताने स्क्रेपिंग करणारे जुने फिटर अजून सापडतात. निळा रंग लावून, उंचवटे पाहून, थोडे थोडे खरवडणारे. चेंज गिअरचा संच अपुरा असणे हे जवळपास गृहीत धरावे. ते गिअर नव्याने पाडून घेण्यात काही गैर नाही, पेटीत जुने आणि नवे वेगळे ठेवले म्हणजे झाले. युद्धकाळातल्या काही यंत्रांवर ‘वॉर फिनिश’ अशी पट्टी असते : घाईमुळे बाहेरचा पृष्ठभाग खडबडीत सोडला आहे, कामाच्या जागा अचूक आहेत, असा तिचा अर्थ. अशा यंत्राला पुट्टी लावून आरशासारखे चकाकवणे म्हणजे ती पट्टी खोटी पाडणे.

जनित्राचे इंजिन सुरू करणे हा मालकाच्या हौसेचा कळस असतो, आणि लिस्टरसारखे सावकाश फिरणारे इंजिन सहसा निराश करत नाही. पण वायरींवरचे रबर आणि कापडी वेष्टण ऐंशी वर्षांत कुजलेले असते. इंजिन फिरवून पाहावे, वीज मात्र आतली वायर बदलल्याशिवाय आणि इन्सुलेशन मेगरने मोजल्याशिवाय घेऊ नये. वाहनाकडून येणारी जोडणी युद्धकाळातल्या अमेरिकी जीपवर सहा व्होल्टची होती; आजच्या बारा व्होल्टवर जुना दिवा लावला की तो एका क्षणात जातो.

नामपट्टी हरवली असेल तर तशी नवी पितळी पट्टी करून घेता येते, क्रमांकासकट. तसे करू नये. कोरी पट्टी चालेल; दुसऱ्या गाड्याचा क्रमांक कोरलेली पट्टी ही बनावट आहे, आणि बाजारात पुढे तीच पुरावा म्हणून मिरवते.

कागदपत्रांत या महाराष्ट्र–कर्नाटक सीमाभागाची खास गुंतागुंत आहे. 1 नोव्हेंबर 1956पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे डिस्पोजलच्या काळात इथे नोंदलेल्या वाहनाची मूळ कागदे मुंबई राज्याची. त्यानंतरची म्हैसूर आणि पुढे कर्नाटकाची. केंद्र सरकारच्या 2021च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनांना ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली, पण ती दुचाकी आणि चारचाकी मोटारींसाठी आहे आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत अशी तिची अट आहे. ट्रेलरला चाके दोन असली तरी तो दुचाकी नव्हे, हे सांगावे लागू नये. कार्यालयाच्या खिडकीवर ते सांगावे लागते. ओढणारी जीप व्हिंटेज म्हणून नोंदली तरी ट्रेलरची नोंदणी वेगळी राहते. निपाणीहून कोल्हापूरकडे निघाल्यावर थोड्याच वेळात राज्य बदलते, तेव्हा प्रदर्शनाला नेताना कागदे अपुरी असतील तर ट्रेलर रस्त्यावरून न ओढता ट्रकवर चढवून, आतली यंत्रे लाकडी ठोकळ्यांनी अडकवून आणि गॅसचे सिलिंडर रिकामे करून न्यावा.