शाळामास्तरांचे इंग्रजी आणि सलगीचे शब्द

११ फेब्रुवारी १९६० च्या रात्री अमेरिकेतील एनबीसी वाहिनीच्या 'द टुनाइट शो' या कार्यक्रमाचे सूत्रधार जॅक पार यांनी भर कार्यक्रमात प्रेक्षकांचा निरोप घेतला आणि ते निघून गेले. उरलेला कार्यक्रम निवेदक ह्यू डाउन्स यांनी कसाबसा पार पाडला. कारण वरकरणी क्षुल्लक होते. आदल्या दिवशी पार यांनी सांगितलेला एक विनोद वाहिनीने त्यांना न विचारता गाळला होता. स्वित्झर्लंडमध्ये काही दिवस राहू पाहणारी एक इंग्रज बाई तेथील शाळामास्तरांना पत्राने विचारते, की घराजवळ 'डब्ल्यू.सी.' आहे का? मास्तरांचे इंग्रजी बेताचे. शौचालयाचे हे संक्षिप्त नाव त्यांनी कधी ऐकलेले नसते. बरीच चौकशी करून ते त्याचा अर्थ 'वेसाइड चॅपेल', म्हणजे रस्त्याकडेचे प्रार्थनामंदिर, असा लावतात आणि तेथील गर्दीचे व आसनव्यवस्थेचे भक्तिभावाने वर्णन करणारे उत्तर धाडतात.

पार ७ मार्चला परतले आणि हे प्रकरण दूरचित्रवाणीच्या इतिहासात वाहिनीच्या सेन्सॉरशिपचे उदाहरण म्हणून नोंदले गेले. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्या विनोदातले मास्तर अधिक जवळचे वाटतात. त्यांचे व्याकरण बहुधा निर्दोष असावे. अडले ते रोजच्या वापरातल्या दोन अक्षरांपाशी. जो शब्द सभ्य पाठ्यपुस्तकात येत नाही, तो परक्या माणसाने शिकायचा कोठे?

संभाषण वाचून किंवा ऐकून भाषा शिकण्याची रीत दूरचित्रवाणीहून पुष्कळ जुनी आहे. इटालियन निर्वासिताचा लंडनमध्ये जन्मलेला मुलगा जॉन फ्लोरिओ याने 'फर्स्ट फ्रुट्स' (१५७८) आणि 'सेकंड फ्रुट्स' (१५९१) ही पुस्तके इटालियन व इंग्रजी संवाद शेजारी शेजारी छापून तयार केली. सकाळी उठून कपडे चढवणे, टेनिस खेळणे, जेवायला बसणे असे त्यांतले प्रसंग आहेत. पहिल्या पुस्तकातले एक पात्र म्हणते, की इंग्रजी इंग्लंडात उपयोगी आहे खरी, पण डोव्हर ओलांडले की तिला किंमत नाही! आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्यांचे इंग्रजी पोसले गेले, तेव्हा इतिहासाने हे विधान किती उलटे फिरवले याची कल्पना येते. फ्लोरिओचे संवाद रचलेले होते, हे वाचणाऱ्याला ठाऊक होते. पुढच्या काळात संवाद पडद्यावर आला आणि तो रचलेला असल्याचे भान सुटू लागले.

स्टीव्ह ॲलन यांनी १९५४ मध्ये 'टुनाइट' राष्ट्रीय वाहिनीवर आणला. १९५७ मध्ये पार आले, आणि १९६२ पासून १९९२ पर्यंत जॉनी कार्सन. एक टेबल, शेजारी कोच आणि त्यावर नुकताच नवा चित्रपट केलेला नट, एवढाच हा संसार. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला या कार्यक्रमांत प्रथम खटकते ती गोष्ट वेगळीच. वयाने, मानाने कितीही मोठा पाहुणा असो, त्याला सर्रास पहिल्या नावाने हाक मारली जाते.

मराठीत आपण सलगी आणि आदर सर्वनामात ठेवतो. 'तू'चे 'तुम्ही' झाले की नाते बदलते, क्रियापदही बदलते. आजच्या प्रमाण इंग्रजीत ही सोय उरलेली नाही. 'यू' सर्वांना सारखाच. त्यामुळे जवळीक आणि अंतर दाखवण्याचे काम तेथे अन्यत्र होते: हाक मारण्याच्या पद्धतीत, वाक्य अर्धवट सोडण्यात, 'यू नो', 'आय मीन', 'सॉर्ट ऑफ' अशा भरीच्या शब्दांत आणि मुख्यतः बोलीतल्या खास शब्दांत, ज्यांना इंग्रजीत स्लँग म्हणतात. स्लँगकडे आपले विद्यार्थी शब्दसंग्रहातली चटकदार भर म्हणून पाहतात. वस्तुतः इंग्रजीतल्या 'तू'चे बरेचसे काम तो करतो. मुलाखतीचा कार्यक्रम त्यामुळेच शिकण्याजोगा. दोन माणसे अंतर कमी कसे करतात, ते तेथे डोळ्यांना दिसते.

पण 'तू' म्हणण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न राहतोच. अमेरिकन स्लँगचा फार मोठा भाग कृष्णवर्णीयांच्या बोलीतून आला. 'कूल' हा शब्द आजच्या अर्थाने जगभर पसरला तो जॅझ वादकांमुळे. १९८९ ते १९९४ या काळात आर्सेनिओ हॉल यांनी आपल्या कार्यक्रमात हिपहॉप कलावंतांना सन्मानाने बोलावले आणि ती बोली रात्रीच्या दिवाणखान्यात पोचली. जून १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बिल क्लिंटन यांनी तेथे काळा चष्मा लावून सॅक्सोफोन वाजवला. शब्द असे एका वस्तीतून निघतात, पडद्यावर येतात, सर्वांचे होतात. आणि ते ज्यांचे होते त्यांचे नाव मागे पडते. शिकणाऱ्याच्या हाती शब्द येतो, त्याचा हा प्रवास येत नाही.

हे शब्द परक्यांच्या हाती पोचवणारे साधन मूळचे बधिरांसाठी होते. बोलणे अक्षरांत दाखवणारी सोय अमेरिकेत १९८० मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी प्रथम वेगळी पेटी विकत घ्यावी लागे. १९९० च्या कायद्यानुसार जुलै १९९३ पासून तेरा इंच व त्याहून मोठ्या संचांत ती अंगभूत असणे सक्तीचे झाले. कानाला न लागलेला शब्द आता डोळ्यांनी वाचता येऊ लागला. २०१७ मध्ये कोरियन गायक आर.एम. याने एलेन डीजेनेरेस यांच्या कार्यक्रमात सांगितले, की आपण इंग्रजी शिकलो ते 'फ्रेंड्स' ही मालिका पाहून. आधी कोरियन अक्षरांसह, मग इंग्रजी अक्षरांसह, शेवटी अक्षरांविना. पडद्यावरून शिकलेला विद्यार्थी मुलाखतीच्या कोचावर जाऊन बसला होता.

तरीही एक सावधगिरी हवी. या मुलाखती आयत्या वेळच्या नसतात. निर्मितीपथकातील माणसे पाहुण्याशी आधी बोलतात, कोणता किस्सा सांगायचा ते ठरते, सूत्रधाराच्या हातातील कार्डांवर त्याच्या खुणा असतात. सहज वाटणारी ती सलगी फ्लोरिओच्या संवादांइतकी नसली, तरी बरीचशी बांधलेलीच असते. ती जशीच्या तशी उचलून नोकरीच्या मुलाखतीत वापरणारा उमेदवार त्या स्विस मास्तरांच्या उलट टोकाची चूक करतो. त्यांना सलगीचा शब्द ठाऊक नव्हता. याला तो ठाऊक असतो, पण समोर कोण बसले आहे, हे तो विसरतो.

म्हणून वर्गात मी विद्यार्थ्यांना असे कार्यक्रम पाहण्यापासून परावृत्त करीत नाही. वहीत नव्या शब्दापुढे केवळ अर्थ लिहू नका, एवढेच सांगते. तो कोणी, कोणाला, कोणत्या साली म्हटला, आणि ऐकणारा हसला की गप्प राहिला, हेही लिहा. मराठीत आपण हा हिशेब नकळत करतो; इंग्रजीत तो काही वर्षे तरी जाणीवपूर्वक करावा लागतो.