दोन हजार रुपयांचा ग्रंथपाल आणि झुंजारची फाटकी पुस्तकं

१२ ऑगस्ट हा डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस. तो ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. फोटोला हार, दोन भाषणं, चहा-बिस्किटं. आमच्यासारखे वार्ताहर चार ओळींची बातमी लावतात आणि वर्षभर विसरतात. पण ज्याच्या नावाने हा दिवस असतो तो माणूस दिवसभर करतो काय, त्याला मिळतं किती आणि त्याच्यापर्यंत ही वाचनालयं आली कुठून, हे एकदा नीट मांडायला हवं. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात रत्नागिरीपासून करावी लागते. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. म्हणजे पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षं झाली होती. त्यानंतर १८३८ ला अहमदनगर, १८४० ला नाशिक, १८४८ ला पुणे, १८५० ला कोल्हापूर. पुण्याच्या वाचनालयाच्या उभारणीत लोकहितवादी होते. यातल्या बहुतेकांचं सुरुवातीचं नाव 'नेटिव्ह लायब्ररी' असंच काहीसं. साहेबाचा आश्रय, सरदार-सावकारांची देणगी आणि गावातले चार शिकलेले लोक, अशी ती मोट होती. कपाटात इंग्रजी पुस्तकं जास्त, मराठी कमी, कारण छापील मराठी पुस्तकंच मुळात थोडी होती.

चित्र बदललं ते शतकाच्या शेवटी. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं, १८९८ ला मुंबईत. 'मराठी' हा शब्द नावात आला हे महत्त्वाचं. आपल्या भाषेत छापलेलं पुस्तक, मग ते थोर असो की साधं, कुठेतरी जपून ठेवलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. त्या वेळी विद्वानांनी ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसेल, अशी पुस्तकं आज अभ्यासक शोधत येतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बडोद्याला चला. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पण शाळा सुटल्यावर पोरगं वाचायला काही नसल्यामुळे अक्षरं विसरतं, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथालयतज्ज्ञ आणला. मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग काढला, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. मोतीभाई अमीन यांच्यासारखा माणूस खेड्यापाड्यांत वाचनालयं उघडत फिरला. गावाने वर्गणीतून वाटा उचलायचा आणि त्यात सरकारने भर घालायची, अशी पद्धत होती. 'द्या हो द्या' म्हणून हात पसरायची वेळ गावावर येत नव्हती. तुम्ही घाला, आम्हीही घालतो, असा व्यवहार होता.

पण मला त्याहून भारी वाटते ती दुसरी गोष्ट. बडोद्याच्या ग्रंथालय खात्यात दृश्य शिक्षणाची एक वेगळी शाखा होती. तिच्याकडे सिनेमा दाखवायचं यंत्र, मॅजिक लँटर्न आणि चित्रं बघायचे स्टिरिओस्कोप होते. ग्रंथालय खात्याची माणसं गावात जाऊन लोकांना फुकट चित्रं दाखवायची. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, म्हणजे साधारण त्याच सुमाराची ही गोष्ट. सिनेमा तेव्हा तमाशाच्या पंगतीतला मानला जायचा. आणि एका मराठी राजाच्या ग्रंथालय खात्याला तो पुस्तकाचा शत्रू वाटला नाही! ज्याला अजून वाचता येत नाही, त्यालाही खात्याने आपलाच मानलं.

रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा त्यांना तिथे करमेना. मला परत कॉलेजात शिकवायला घ्या, म्हणून त्यांनी खटपट केली होती. मग लंडनला गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि कायमचे या कामाचे झाले. तिथल्या एका मोठ्या दुकानात मेकॅनो हे खेळणं पाहून त्यांना पुस्तकांच्या वर्गीकरणाची कल्पना सुचली. खेळण्यातून शास्त्र! १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांचा गाभा आपल्या भाषेत असा: पुस्तक कुलपात ठेवण्यासाठी नसतं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये आणि ग्रंथालय सतत वाढत राहतं. यात 'चांगला' वाचक आणि 'वाईट' वाचक असा भेद कुठेही नाही.

आता आपल्या मराठी वाचनालयांत प्रत्यक्षात काय चाललं होतं ते पाहू. १९०९ साली 'मनोरंजन'च्या काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय लागली. पुढे बाबूराव अर्नाळकर आले. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय-छोटू, झुंजार-विजया, काळापहाड. घरात चोरून वाचायच्या, गादीखाली लपवायच्या आणि वाचनालयात मात्र नंबर लावायचा. नंतर गुरुनाथ नाईक, बाबा कदम, सुहास शिरवळकर, भयकथांचे नारायण धारप. साहित्य संमेलनाच्या मांडवात यातल्या किती जणांना मानाची खुर्ची मिळाली, ते तुम्हीच आठवून बघा. पण गावच्या वाचनालयाची वर्गणी कुणामुळे जमायची, हे देवघेवीच्या टेबलावर बसणारा माणूस बरोबर सांगेल.

आमच्या तालुक्यातले असेच एक ग्रंथपाल. नाव देत नाही, त्यांनाही ते आवडणार नाही. सकाळी आठला कुलूप उघडायचं, स्वतःच झाडू मारायचा, पेपर स्टँडला लावायचे. पेपर वाचायला येणारे आजोबा दाराशी थांबलेलेच असतात आणि शब्दकोडं फाडून नेणारा एक जण त्यांच्यातच असतो. मग देवघेव. आलेल्या पुस्तकांची नोंद, थकलेल्या वर्गणीचे फोन, सुटलेल्या पानांना खळ लावणं, नव्या पुस्तकांवर शिक्के, दाखल नोंदवहीत क्रमांक. मार्च आला की ऑडिट, वार्षिक अहवाल, अनुदानाची कागदपत्रं. अकराला बंद, संध्याकाळी पुन्हा चार ते आठ. मधल्या वेळात एका दुकानाचा हिशेब लिहितात, कारण घर चालवायचं असतं.

या माणसाला सिनेमाचं आणि रहस्यकथेचं प्रचंड वेड. विविध भारतीवर गाणं लागलं की संगीतकार, गीतकार, साल, सगळं तोंडपाठ. अर्नाळकरांची फाटकी पुस्तकं त्यांनी पदरचे पैसे घालून बाइंडिंग करून ठेवलीत. कुणी म्हणेल, हा झाला टाइमपास. पण हाच टाइमपास त्यांच्या कामाचं हत्यार आहे. २०१३ साली 'दुनियादारी' सिनेमा आला तेव्हा कॉलेजची पोरं शिरवळकरांची कादंबरी मागत आली. २०१८ ला 'तुंबाड' आला आणि त्याची प्रेरणा धारपांच्या कथेत आहे असं कळल्यावर धारपांच्या पुस्तकांवर उड्या पडल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' पडद्यावर आला आणि शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीला नंबर लागले. ते म्हणतात, "ट्रेलर आला की मी प्रत बाइंडिंगला टाकतो. सिनेमा लागेपर्यंत पुस्तक तयार पाहिजे." मार्केटिंगच्या कोर्सला हे शिकवायला फी घेतात!

त्यांचा दुसरा हिशेब आणखी साधा. 'छावा' घेऊन जाणारा परत येतो. मग त्याच्या हातात हळूच 'मृत्युंजय' द्यायचं. तिसऱ्या वेळी तोच विचारतो, काका, खरा इतिहास कशात आहे? तेव्हा संदर्भ विभागाचं कपाट उघडायचं. हा सगळा प्रवास कुठल्याही परिपत्रकात लिहिलेला नाही. तो फक्त त्या खुर्चीवरच्या माणसाला वाचकाची आवड ठाऊक असेल, आणि त्या आवडीची त्याला लाज वाटत नसेल, तरच घडतो.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, अंमल १ मे १९६८ पासून. त्याआधी स्वातंत्र्यपूर्व काळात मुंबई सरकारने फैझी समिती नेमली होती, तिचा अहवाल १९४० चा. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ सालीच ग्रंथालयाचा कायदा केला होता. म्हणजे विचार आपल्याकडे जुना आहे, कमी पडली ती दानत. कर्नाटक आणि तामिळनाडूत ग्रंथालयांसाठी मालमत्ता करावर उपकर आहे. पैसा ठरलेल्या वाटेने येतो. आपल्या कायद्यात तो उपकर घेतलाच नाही. आपण अनुदानाची वाट धरली. गावाने संस्था काढायची, सरकारने अ, ब, क, ड असा वर्ग द्यायचा आणि वर्गाप्रमाणे पैसे. या पद्धतीचा मोठा फायदाही झाला, ते मान्य करायला हवं. राज्यात सुमारे १२ हजार सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिली, ती लोकांनी उभी केली म्हणूनच.

पण पैशाचं गणित बघा. 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३० हजार रुपये मिळायचे. कितीतरी वर्षं मागणी केल्यावर २०२२ च्या अखेरीस सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली. म्हणजे ४८ हजार. यातली निम्मी रक्कम वेतनावर, निम्मी पुस्तकं, पेपर, वीज, भाडं वगैरेवर. म्हणजे पगाराला २४ हजार. बारा महिन्यांनी भागा. दोन हजार रुपये महिना. २०२२ च्या वाढीनंतरचा हा आकडा होता! रोजगार हमीवर खड्डा खणणाऱ्याला याहून जास्त मिळतं, आणि त्यालाही ते पुरत नाही. प्रभा राव समिती झाली, व्यंकप्पा पत्की समिती झाली, पण वेतनश्रेणी काही लागू झाली नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, बरीच वाचनालयं कागदावरच आहेत. खरं आहे. २०१२ साली महसूल खात्याकडून राज्यभर पडताळणी झाली आणि बोगस संस्था सापडल्या. त्या बंद करायलाच पाहिजेत. पण त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणंच थांबवलं गेलं. चोर सापडला म्हणून गावातली सगळी दुकानं बंद करायची, असला हा न्याय. शिक्षा झाली ती आठ वाजता कुलूप उघडणाऱ्या माणसाला.

दुसरा आक्षेप सभ्य लोकांचा. सरकारी पैशातून लोकांना भुताच्या गोष्टी कशाला वाचायला द्यायच्या? त्याचं उत्तर वरच्या इतिहासात आहे. सयाजीरावांच्या खात्याने गावात सिनेमा दाखवला, कारण माणूस आधी दारात आला पाहिजे. ठाण्या-मुंबईच्या संग्रहालयांनी बारीकसारीक मराठी पुस्तकही जपलं, कारण कशाला किंमत येईल हे त्या त्या पिढीला कळत नाही. आणि रंगनाथन यांच्या नियमात वाचकाची परीक्षा घेऊन पुस्तक देण्याची अट नाही. शिवाय एक विचारतो, गंभीर पुस्तकांची वर्षाला दहा देवघेव होते, ती ज्या छपराखाली होते त्याचं वीजबिल कुणाच्या वर्गणीतून भरलं जातं? झुंजारच्या वाचकांच्याच ना?

मोबाईल आला, आता वाचनालयं कशाला, असंही म्हणतात. आमच्या तालुक्यातलं उलट चित्र सांगतो. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं घरात जागा नसते म्हणून वाचनालयात बसतात. तिथलं टेबल, पंखा आणि शांतता त्यांना मोबाईलमध्ये मिळत नाही. उद्या यातला कुणी तहसीलदार होऊन सत्काराला येईल, तेव्हा दार उघडून देणारा माणूस मागच्या रांगेत उभा असेल.

तर करायचं काय? निवेदनं संघटना देतच आहेत. आपण तीन साध्या गोष्टी करू शकतो. एक, आपल्या गावच्या वाचनालयाचे सभासद व्हा, वर्गणी एका पिझ्झ्यापेक्षा कमी असते. दोन, वार्षिक सभेला जा आणि ग्रंथपालाचा पगार किती, हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारा. संचालकांना ऐकायला अवघड जाईल, पण इतिवृत्तात येईल. तीन, मत मागायला येणाऱ्याला विचारा की साहेब, उपकराचं काय? नगरपालिकेच्या घरपट्टीतला अगदी छोटा वाटा ग्रंथालयाला बांधून दिला, तर दरवर्षी अनुदानासाठी हात पसरायची वेळ येणार नाही. शेजारच्या राज्याला जमतं ते आपल्याला का जमू नये?

आणि जाल तेव्हा ग्रंथपालाला विचारा, तुम्ही सध्या काय वाचताय? हा प्रश्न त्यांना फारसं कुणी विचारत नाही. पंधरा मिनिटं हाताशी ठेवून विचारा. उत्तर लांब असतं.

(तुमच्या गावच्या वाचनालयाचं स्थापना वर्ष माहीत असेल तर कमेंटमध्ये लिहा. एक यादी तरी होईल.)