मायचा पितळी स्टो
हवा भरून पेटणारा, बिनवातीचा स्टो १८९२ साली स्वीडनमध्ये निघाला. आमच्या बीडकडच्या घरात तो उचलीच्या पैशातून आला. ऊसतोडीला जाताना माय तो आजीपाशी ठेवी. पंप ढिला पडला की आजी आठवडी बाजार गाठी. स्टोवाला चामड्याचं वायसर बदली, गळक्या टाकीला डाग देई.

२०१६ ला उज्ज्वला योजना आली. घरोघर गॅस झाला, रेशनचं रॉकेल आटलं, स्टोवालेही पांगले. परवा बीडभर हिंडलो. एका म्हाताऱ्या कारागिरानं पंप ओढून पाहिला. "लेका, वायसर वाळलंय. स्टो मेला न्हाई." दोन थेंब तेल सोडलं अन् पंप धरला.

घरी पेटवला. भर्रर्र आवाजानं माय दचकली, "आत्याबाई च्या करायल्यात जणू!"